फोटोखालची ओळ

पांढुर्णा, ८ जुलै २०२५

प्रिय प्रणाली,

हे पत्र तुझ्या विभागाच्या पत्त्यावर पाठवते आहे. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही आणि माझा नंबर तू सात वर्षांपासून बंद करून ठेवला आहेस. विद्यापीठाच्या साइटवर तुझ्या नावाखाली इमारत, मजला, खोली, सगळं दिलेलं आहे. हैदराबादला आहेस एवढंच वहिनीकडून कळलं होतं.

लिहायला बसलं की मी जरा पुस्तकी होते, ते चालवून घे. कॉलेजात दिवसभर हिंदी, घरी आपली बोली, आणि कागद समोर आला की शाळेतली मराठी.

आधी कामाचं. आमच्या विद्यापीठाचं पत्र आलं आहे की प्रत्येक कॉलेजात 'समावेशन प्रकोष्ठ', म्हणजे कक्ष, सुरू करा. एलजीबीटी विद्यार्थ्यांना कॉलेज आपलं वाटलं पाहिजे, त्यांना प्रेरक व्यक्ती दाखवल्या पाहिजेत, फलक लावले पाहिजेत. १२ सप्टेंबरला सौसरला आसपासच्या कॉलेजांचा मिळून कार्यक्रम आहे. आमचे प्राचार्य श्रीधर सर गेल्याच वर्षी सिवनीहून बदलून आले. त्यांनी ते पत्र माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "मैडम, आप ही देख लीजिए. घर-गृहस्थी का झंझट नहीं है, समय निकल आएगा."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून एका जागी बसवत नाही. वर्गात शिकवता शिकवता खिडकीपाशी जाते, पोरं फळा सोडून माझ्याकडे बघत राहतात.

फलकाच्या कामात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मदत करते. उर्वशी, लोधीखेड्याची. तिनेच नेटवरून फोटो जमवले. त्यातला एक माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, ह्या आपल्याच कॉलेजच्या होत्या! तुम्ही शिकवलं असंल न यायले?"

तो फोटो तुझा होता. तुझ्या विद्यापीठाने प्रेरक व्यक्ती म्हणून तुला असा मान दिला, अभिनंदन. फोटोखाली तू जे लिहिलंस ते वाचलं. छान लिहिलंस.

तर, सौसरच्या कार्यक्रमाला येशील का? अर्धा तास बोललीस तरी पोरांना फार उपयोग होईल.

दादाची, तुझ्या बाबांची, तब्येत ठीक आहे. रामाकोन्याला यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला धरला आहे. छाया बरी आहे, अजून माझ्यासोबतच राहते, सावरगावच्या त्याच शाळेत शिकवते. त्या वेळी दादाला कोणी काय सांगितलं, हे आता उकरण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं.

कळव.

तुझी आत्या,
अमिता


पांढुर्णा, २८ जुलै

प्रणाली,

उत्तर नाही. पत्र हरवलं असेल, असं स्वतःला दहा दिवस सांगितलं. मग स्पीड पोस्टच्या पावतीवरचा नंबर टाकून पाहिला. चौदा तारखेला मिळालं आहे तुला.

मागच्या पत्रात एक गोष्ट अर्धीच लिहिली. उर्वशीने विचारलं, तुम्ही यांना शिकवलं असेल ना, तेव्हा मी म्हटलं, "हो, होती एक. हुशार होती." तू माझी भाची आहेस, तीन वर्षं माझ्याच घरी राहून शिकलीस, हे तोंडातून निघालं नाही. आडनाव एकच आहे. पोरीच्या ते लक्षात आलं नाही, की आलं आणि ती गप्प बसली, कोण जाणे.

फलक लागला. वाचनालयाच्या बाहेर, पाण्याच्या कूलरशेजारी. पाच फोटो आहेत, उजवीकडचा शेवटचा तुझा. चष्मा लागलेला दिसतो. पाणी प्यायला येणारं प्रत्येक पोरगं तुझ्याकडे बघत ग्लास भरतं. पहिल्याच दिवशी कोणीतरी मधल्या फोटोला पेनाने मिशा काढल्या. मी रुमाल ओला करून पुसल्या. आता दिवसातून चारदा तिथून जाते, काम असो नसो. तहान नसताना पाणी पिते.

परवा प्रॅक्टिकल संपल्यावर उर्वशी थांबली. मी स्लाइड धुवत होते.

"मॅडम, एक विचारू? हे पाचही लोक हैदराबाद, दिल्ली, बंगलोरचे आहेत. आपल्या इकडं राहून असं कोणी जगलंच नाही काय?"

"इकडं म्हणजे?"

"इकडं म्हणजे सौसर, पांढुर्णा. मले तर लोधीखेड्यातच राहायचं आहे. बाबाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मले थे काम येते. मी कायले जाऊ बंगलोरले?"

स्वतःबद्दल ती याहून जास्त बोलली नाही. मी विचारलंही नाही. तिला म्हटलं, स्लाइड पुसून डब्यात ठेव. तिने एकेक पुसून ठेवली आणि गेली. तिने विचारलं होतं ते साधं होतं. उत्तर मला येत होतं.

सौसरला येशील की नाही, तेवढं तरी कळव.

अमिता आत्या


पांढुर्णा, १४ ऑगस्ट

प्रणाली,

कॉलेजात, वाळवलेल्या झाडांच्या फायली ठेवतो त्या खोलीत बसून लिहिते आहे. हा तिसरा कागद. पहिले दोन फाडले.

काल जेवताना छायाने विचारलं, "पत्र लिहून राहिली म्हणते, तर मंग लिहिलं का तिले, कोणं सांगतलं होतं थे?"

मी म्हटलं, लिहीन.

"सात वर्षं झाले, अमिता. त्या पोरीच्या मनात मी चुगलखोर आहो. मी आजवर एक शब्द बोलली नाही. पण तू सभा घेऊन राहिली, फलक लावून राहिली, अन् एवढं तुह्याकडून होत नाही?"

तर लिहिते. दादाला मी सांगितलं.

तुला आठवत असेल, आपण स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तू मान खाली घालूनच शिवानीचं सांगितलंस. वर्गातली मैत्रीण म्हणून मी तिला ओळखत होते. तू म्हणालीस, "आत्या, मले तिच्यासोबत राहायचं आहे, नेहमीसाठी." मी म्हटलं, हे वय असतं, जाईल. तू म्हणालीस, "नाही जाणार." अगदी शांतपणे म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूममधून दादाला फोन केला. दुपारी तो जीप घेऊन दारात.

तू छायाकडे वळून ओरडलीस, "मावशी, तुम्ही सांगतलं न? तुम्हीच दाराआडून ऐकलं न?" छायाने माझ्याकडे पाहिलं. मी सांडशी हातात घेऊन उभी होते. ती सांडशी मला अजून दिसते. मी काही बोलले नाही, म्हणून तीही बोलली नाही. तू तसंच समजून गेलीस. चार महिन्यांनी सावनेरच्या स्थळाकडून होकार आला त्याच आठवड्यात तू सौसरच्या बसस्टँडवरून निघून गेलीस, तेव्हाही तेच समजून.

मी फोन का केला? तुझ्या भल्यासाठी, असं दादाला सांगितलं, छायाला सांगितलं. खरं हे आहे की मला भीती वाटली, लोक म्हणतील आत्याच्या घरी राहून पोरगी अशी झाली. मग आत्याच्या घराकडे बघतील.

प्रणाली, छाया आणि मी भाडं वाटून घ्यायला एकत्र राहत नाही. २००६ पासून आम्ही एकमेकींच्या आहोत. तू शिकायला येणार म्हटल्यावर आदल्या रविवारी आम्ही दुसरा पलंग आणला, मागच्या खोलीत टाकला, त्यावर छायाच्या वह्या, छायाची चादर. तीन वर्षं तुझ्यासमोर आम्ही दोन शेजारणींसारख्या वागलो. तू अभ्यासाला मैत्रिणीकडे गेलीस की दार लावून घेऊन चहा प्यायचो, नुसता चहा, पण शेजारी बसून.

आणि तू फोटोखाली लिहितेस, "मोठी होताना माझ्यासारखं कोणी मला दिसलं नाही. म्हणून मी इथे दिसते आहे." पहिल्या पत्रात मी त्याला छान म्हटलं. छान नव्हतं ते. ते वाचून मी कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले होते. तुला दिसू नये म्हणून आम्ही किती मेहनत घेतली होती.

हे वाचून तू पत्र फाडलंस तरी चालेल. छायाने काही केलेलं नाही, एवढं मनात ठेवून फाड.

अमिता


पांढुर्णा, २५ ऑगस्ट

प्रणाली,

दादा कॉलेजात येऊन गेला.

पोळ्याआधीची गोष्ट. रामाकोन्याच्या कोण्या पोराने फलकाचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. दादा सकाळच्या बसने निघाला, मला फोनही नाही केला. मी वर्गातून बाहेर आले तर कूलरजवळ उभा. पांढरा सदरा, हातात पिशवी. केस सगळे पांढरे झालेत त्याचे.

"काढून टाक थो फोटो," म्हणाला.

"माझ्या हातात नाही, दादा. विद्यापीठाचा आहे."

"तुह्या हातात काहीच कसं नाही राहत कधी?"

तो काढून टाकेल असं वाटलं. हात उचललाही त्याने. मग तसाच खाली घेतला. एक पोरगी पाणी भरायला आली तर बाजूला सरकला, तिची बाटली भरेपर्यंत थांबला, पुन्हा समोर उभा राहिला.

"खाली काय लिहिलं?"

खाली इंग्रजी आहे. मी त्याला आपल्या बोलीत वाचून दाखवलं.

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मी दिसत नव्हतो काय तिले? रोज तर समोर होतो."

ते तसं नाही, हे त्याला कसं समजवायचं मला कळलं नाही. पिशवीतली संत्री स्टाफरूममधल्या माझ्या टेबलावर ठेवून गेला. या दिवसांत संत्री कुठली, शीतगृहातली बाजारातून घेतलेली. ज्याच्या बगीच्यात सहाशे झाडं आहेत, तो विकतची संत्री घेऊन आला होता. तुझ्यासाठी आणली होती, की रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून, देव जाणे.

शनिवारी गोटमार झाली, नदीच्या दोन्ही काठांवरून दरवर्षीची दगडफेक. आम्ही नेहमीसारखं दार लावून घरात. मी छायाला म्हटलं, सौसरला मला माझ्याबद्दल बोलायचं आहे. ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवलं तिने.

"सावरगावची पोट्टी अन् पांढुर्ण्याचा पोट्टा पळून चालले होते म्हणतात, त्यायच्या नावानं अजून दरसाली दगड मारून राहिले. आपल्याले कोण सोडते?"

"मी तुझं नाव नाही घेणार."

"माझं नाव घ्यायची गरज आहे काय? एकोणीस वर्षांपासून तू कोणासोबत राहते, थे या गावात कोणाले माहीत नाही?" मग आवाज उतरला तिचा. "तुही सरकारी नोकरी आहे. माझी संस्थेची शाळा. पाचवी ते आठवीच्या पोरी शिकवते मी. एक बाप उठून संस्थेत गेला तर माझं काय? तुले दिसायचं असंल तर दिस. मले ओढून नको दिसू."

मी शब्द दिला की नाही बोलणार.

तू येणार नाहीस, हे आता धरून चालले आहे. तू आली असतीस तर मला बोलावं लागलं नसतं, हेही माझ्या मनात होतं. तेही सांगून टाकते.

अमिता


पांढुर्णा, १६ सप्टेंबर

प्रणाली,

चार दिवसांत इतकं झालं की कुठून सुरू करू.

बारा तारखेला सौसरच्या सभागृहात तीनशे पोरं. मंचावर सात खुर्च्या, सातवी माझी. एकाने कायदा सांगितला, एकाने आकडे सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी तुझा परिचय आणि तुझी ती ओळ हिंदीत वाचून दाखवली. 'हमारे महाविद्यालय की पूर्व छात्रा' म्हणाले. टाळ्या पडल्या. बसले.

मग सूत्रसंचालकाने विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. उर्वशी तिसऱ्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलेलं आहे, प्रणाली, कधीपासून ते माहीत नाही, पण कळलेलं आहे. मी कागद सारखे करत राहिले. कागद दोनच होते.

ती उभी राहिली. माइक तिच्यापर्यंत पोचायच्या आतच बोलायला लागली. "सगळे मोठ्या शहरातले फोटो दाखवून राहिले. मी इथलीच आहो. लोधीखेड्याची. मले पोरी आवडतात अन् मी मोटर वाइंडिंग करते. कोणाले भेटायचं असंल तर मी इथंच राहणार आहो." आणि बसली. थोडे हसले, थोड्यांनी टाळ्या वाजवल्या. चार-पाच मोबाइल वर होते.

वीस वर्षांची पोर. ती उभी राहिली, कारण मंचावर कोणी उभं राहिलं नाही.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. व्हिडिओ फिरतो आहे, प्रभारी तुम्ही आहात, तर मुलीच्या वडिलांना तुम्हीच कळवा. नंबर पाठवला. मी अंगणात उभं राहून तो नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत कापला. दुसऱ्यांदा लावलाच नाही. प्राचार्यांना सांगितलं, मी फोन करणार नाही. ते म्हणाले, "मैडम, यह तो आपका काम है." मी म्हटलं, "एकदा केला आहे, सर." त्यांना काही समजलं नाही.

माझ्या फोनची गरज नव्हतीच. तेराला सकाळी उर्वशीचे वडील मोटरसायकलवर गेटवर हजर. गुणवंता नाव. बोटांना वार्निश लागलेलं, तसेच दुकानातून उठून आलेले. उर्वशी समोर उभी, मागे शंभर पोरं जमलेली. प्राचार्य वरच्या व्हरांड्यात. खाली कोणी येईना. मी गेले.

"तुम्हीच का थ्या कार्यक्रमवाल्या मॅडम? माझ्या पोरीले स्टेजपुढं उभं केलं?"

"ती आपली आपणच उभी राहिली, भाऊ. उभं मी राहायले पाहिजे होतं."

"माझ्या दुकानासमोर पोट्टे व्हिडिओ लावून हासून राहिले. हे सारं थ्या फोटोतल्या बाईच्या नादानं. तिच्या मायबापाले जाऊन विचारा कसं वाटते त्यायले."

"तिच्या बापाले मी ओळखते. माझा भाऊ आहे थो."

ते थांबले. उर्वशीनेही वर पाहिलं.

"थे माझी भाची आहे. तिनं मले विश्वासानं सांगतलं अन् मी तिच्या बापाले फोन केला. त्यानं नेलं तिले घरी, असंच, कॉलेजातून उठवून. सात वर्षं झाले, त्यानं पोरीचा आवाज ऐकला नाही. मागच्या महिन्यात इथं येऊन फोटो पाहून गेला. तुम्ही नका नेऊ हिले."

"बोलाले काय जाते, मॅडम? तुमच्या घरी पोरगी नाही."

आणि मग मी बोलले. ठरवलं नव्हतं. छायाला दिलेला शब्द आठवत होता, अगदी त्या क्षणीही आठवत होता, तरी बोलले.

"मी पण तशीच आहो, भाऊ. उर्वशीसारखी. पन्नास वर्षांची झाली. याच गावात राहते, इथंच शिकवते, तुमच्यासारखीच बाजारातून किराणा घेते. जगता येते. फक्त मले हे सांगाले पन्नास वर्षं लागले, तुमच्या पोरीले वीस."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. गुणवंतांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. गाडीला किक मारली आणि पोरीला म्हणाले, "बस." ती बसली. गेले.

घरी आले. मी पोचायच्या आधीच छायाला बातमी कळली होती. ती मोरीत कपडे पिळत होती.

"माझं नाव घेतलं?"

"नाही."

"शब्द दिला होता तू."

"हो."

तिने पिळलेलं लुगडं पुन्हा पाण्यात टाकलं आणि पुन्हा पिळलं. आज तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. वेळेवर शाळेत जाते, वेळेवर येते, दोघींचा स्वयंपाक करते. वर्गात उर्वशीची जागा रिकामी आहे. मी एका पोरीला वाचवायला दुसरीचं घर पेटवलं, आणि पहिलीही वाचली नाही. तुला लिहिते आहे कारण तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

अमिता


पांढुर्णा, १० ऑक्टोबर

प्रणाली,

उर्वशी परत आली. बाराव्या दिवशी. वडील स्वतः सोडायला आले होते. गेटवर मी दिसले तर गाडी बंद केली त्यांनी.

"दुकानात बसून बसून पूर्ण गावाच्या मोटरी खोलून ठेवल्या हिनं," म्हणाले. "म्हटलं, परीक्षा तर दे." मग जरा थांबून, "लोक हासतात. तुमच्यावर बी हासत असतील."

"हासतात."

"मंग काय करता?"

"काही नाही. क्लास घेते."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही सांगता येत नाही. पोरगी मात्र आत आली.

दादाचा फोन आला होता. लिहू की नको असं झालं, पण तुझ्यापासून आता काही ठेवायचं नाही. म्हणाला, "ऐकलं मी." मग म्हणाला, "तू स्वतः तशी, अन् मले फोन केला? मले तर काही समजत नव्हतं, अमिता. तुले तर समजत होतं न! माझ्या हातानं माझी पोरगी घालवली तू." आणि फोन ठेवला. मला वाटत होतं तो मी अशी आहे म्हणून रागावेल. तो त्यासाठी रागावलाच नाही. खऱ्या गोष्टीसाठी रागावला. त्यानंतर मी दोनदा लावला, उचलत नाही. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद, आता त्याच्याही. बापलेकीत एवढं तरी साम्य राहिलं.

प्राचार्यांनी विचारलं, प्रकोष्ठ दुसऱ्या कोणाकडे द्यायचा का. मी म्हटलं, राहू द्या माझ्याकडेच. दर बुधवारी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळा उघडी ठेवते. पहिल्या बुधवारी कोणी आलं नाही, दुसऱ्या बुधवारी दोघं आले. एक नुसताच मायक्रोस्कोप बघून गेला.

आता छायाचं. मागच्या सोमवारी संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावलं. टेबलापलीकडून विचारलं, "तुम्ही त्या कॉलेजवाल्या मॅडमसोबत राहता म्हणे?" छाया म्हणाली, "हो. एकोणीस वर्षांपासून." ते म्हणाले, "पालक विचारून राहिले." छाया म्हणाली, "काय विचारून राहिले? माझ्या वर्गाचा निकाल विचारतात का?" सचिव म्हणाले, बघू. नोकरी आहे, पण पाचवी ते आठवीचे सगळे वर्ग काढून तिला ऑफिसच्या कामाला बसवलं. तेवीस वर्षं शिकवलेल्या बाईला आता दाखले लिहायला लावतात. हे माझ्यामुळे झालं.

घरी येऊन ती म्हणाली, "मी तुले माफ नाही केलं. पण तिथं बसून खोटं बोलणं झालं नाही माझ्याकडून, काय करू." आणि मग तिने मला चहा टाकायला सांगितला. वीस दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं.

काल पोस्टमन आला. जाड पाकीट, हैदराबादचा शिक्का. मी दारातच होते. हात पुढे केला तर त्याने पाकीट मागे घेतलं, म्हणाला, "छायाबाईंच्या नावानं आहे." मी म्हटलं, द्या, आत आहेत. त्याने दिलं. ते पाकीट हातात घेऊन अंगणात मी किती वेळ उभी राहिले असेन. उघडलं नाही. माझ्या नावाने तुझं पत्र यावं, ही लायकी मीच घालवली होती. छाया शाळेतून आली तेव्हा तिच्या हातात दिलं. म्हणजे आत आहेत, हे मी पोस्टमनशी खोटंच बोलले होते. जुनी सवय.

तिने मागच्या खोलीत जाऊन वाचलं. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले आणि तोंडावर काहीतरी होतं, ते मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आमच्या दोघींतलं आहे म्हणाली, म्हणजे तुझ्या-तिच्यातलं. फक्त जेवताना भात वाढता वाढता म्हणाली, "दिवाळीत येते म्हणते पोट्टी. तुह्याकडं नाही. माझ्याकडं."

बरोबर आहे. तू तिच्याकडेच ये. पत्ता तोच आहे. दार ती उघडेल. मी स्वयंपाकघरात असेन, हाक मारलीस तर बाहेर येईन, नाही मारलीस तर तिथूनच तुमचं बोलणं ऐकत पोळ्या लाटीन.

अमिता